कोरडी भेट

प्रीतिभोजनाच्या आदल्या दिवशी आम्हा बायकांपुढं तीस किलो कांदा असतो. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या पडवीत पाच-सहा विळ्या मांडायच्या आणि चिरत राहायचं. डोळ्यांतून पाणी वाहतच असतं, त्यामुळं कोण कांद्यानं रडतंय आणि कोण आठवणीनं, ही चौकशी कुणी करत नाही. आमच्या मंडळीतले किस्से साठले ते तिथं. कुणी लिहून ठेवले नाहीत. तरी दरवर्षी एखादी नवी सून विळीवर बसता बसता म्हणतेच, "काकू, ते कोरड्या भेटीचं सांगा की."

माझं शिक्षण बारावी. देवशास्त्र मला कळत नाही. पण लग्न होऊन अकलूजहून सोलापुरात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली आणि तेवढी वर्षं मी या मंडळीत आहे. जे पाहिलं, ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडून ऐकलं, तेवढंच सांगते.

आधी कोरडी भेट म्हणजे काय ते. आपला एखादा माणूस चुकला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांगायचं, ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन जायचं, तरीही नाही ऐकलं तर मंडळीपुढं आणायचं, ही रीत सगळ्या ख्रिस्ती लोकांना ठाऊक असते. आमच्या मंडळीनं तिच्यात स्वतःची एक भर घातली. पाप सांगायला जो जाईल, त्यानं त्या घरचं पाणी प्यायचं नाही. घरच्यांनी पेला भरून पुढं ठेवायचा, यानं हात लावायचा नाही. गोष्ट तिथल्या तिथं मिटली तर प्यायचं. नाही मिटली तर तसंच उठायचं. मग त्या घरानं तो पेला ओतून टाकायचा नाही, ताटली झाकून ठेवायचा. माणूस पुढं कधी वळला, तर ज्यानं तक्रार नेली त्यानंच परत त्या घरी जायचं आणि तेच पाणी प्यायचं. तोवर चुकलेल्याला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, नाही. त्यानं उपासनेला यायचं, पण शेवटच्या बाकावर बसायचं.

हे कुणी सुरू केलं, कुणाला माहीत नाही. आमचे पंच दानिएलमामा रेल्वेत गार्ड होते, जन्म गेला कुर्डुवाडीत. ते म्हणतात, "सोलापूरच्या उन्हात कुणी उगाच दुसऱ्याचं पाप काढत हिंडू नये, म्हणून केलं असणार."

*

माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. मे महिना. भर दुपारी घरी तिघं जण आले, त्यात दानिएलमामा होते. मी डोक्यावर पदर घेऊन तांब्या आणि तीन पेले घेऊन गेले. सलाम केला. कुणी पाण्याकडं बघितलं नाही.

मला वाटलं, माझ्या हातचं चालत नाही. आत येऊन सासूबाईंना विचारलं, "पाण्याला वास येतोय का?" त्यांच्या हातातलं पीठ परातीत पडलं. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

सासरे सहा वर्षं त्यांच्या धाकट्या भावाशी बोलत नव्हते. घरं समोरासमोर. येताजाता तोंड फिरवायचे. पंच त्याकरता आले होते. समजावून सांगत होते, सासरे मान हलवत नव्हते. पंखा बंद, वीज गेलेली. अर्धा तास झाला. तिघांचे ओठ पांढरे पडले. त्यातल्या एकानं जीभ ओठांवरून फिरवली आणि सासऱ्यांना ते बघवेना.

ते उठले. चपला घालत म्हणाले, "जातो त्याच्याकडं. पण आधी तुम्ही पाणी प्या. माझ्या दारात मरू नका."

तिघांनी एका दमात पेले रिकामे केले. मी आतून बघत होते. दानिएलमामांनी पेला खाली ठेवला आणि चौथ्याकडं द्यावा तसा तांब्या शेजारच्या मोकळ्या खुर्चीकडं सरकवला. खुर्चीवर कुणी नव्हतं. पेले भरून तांब्या अर्धा उरला होता, नंतर मी उचलला तर रिकामा लागला. सासूबाई म्हणाल्या, "प्रभूच्या नावानं तीन आले तरी चार धरावेत. तुला सांगायचं राहिलं."

*

मधे आम्हाला एक तरुण पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, मिळाले होते. बाहेरच्या शहरात शिकलेले, बोलायला गोड. त्यांना ही रीत पटली नाही. पापाचं सांगायला जा, जरूर जा, पण पाणी नाकारणं म्हणजे माणसाचा अपमान, असं त्यांनी पंचकमिटीत सांगितलं. शिवाय झाकून ठेवलेलं महिन्याचं पाणी प्यायचं म्हणजे जुलाबाला आमंत्रण.

त्यांचं सगळंच चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आमच्यातला एक माणूस दारू पिऊन बायकोवर हात उचलायचा. साहेब एकटे गेले. बायकोनं पाणी आणलं, साहेबांनी हसून घेतलं, प्याले, आणि मग मुद्द्याला हात घातला. तो माणूस शांतपणे ऐकत राहिला. साहेबांचं बोलून झाल्यावर म्हणाला, "साहेब, तुम्ही आल्या आल्या प्यालात. मिटलं की मग. आता काय उरलं?" रविवारी तो पहिल्या बाकावर येऊन बसला. त्याच्या बायकोच्या गालावर सूज होती आणि ती खाली बघत होती.

त्या दिवशी उपदेशाला उभे राहिले आणि साहेबांची जीभ टाळूला चिकटली. चार शब्द बोलायचे, थांबायचे, पाणी प्यायचे. पुढचा रविवार तसाच. दवाखाना झाला, रिपोर्ट नॉर्मल. पाळकीणबाई मला सांगत होत्या की उशाशी दोन तांबे ठेवते, दोन्ही संपतात, तरी यांचं तोंड कोरडंच.

चौथ्या आठवड्यात साहेब दुपारी पुन्हा त्या घरी गेले. या वेळी दानिएलमामा आणि मी बरोबर होतो. साहेब त्या माणसासमोर बसले आणि म्हणाले, "मागचं पाणी मी चुकून प्यालो. ते मी तुझ्या बायकोच्या तोंडचं प्यालो." तिघांपुढचे पेले तसेच राहिले. उठताना ती बाई दारापर्यंत आली. तिनं पहिल्यांदा मान वर करून आमच्याकडं पाहिलं.

त्यानंतर साहेबांनी रीतीविरुद्ध एक शब्द काढला नाही. पाण्याची बाटली मात्र कायम स्कूटरच्या डिकीत ठेवायचे.

*

हा किस्सा सांगताना आम्ही हसतो. शेवटी हसत नाही.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस होते. दानिएलमामांच्या नातीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला ते आणि त्यांचा मुलगा जोसेफगुरुजींकडं गेले. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, एकटे राहायचे, मंडळीत त्यांच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढायचं नाही. गुरुजींनी पाणी पुढं ठेवलं. या दोघांचा उपवास होता, संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही. त्यामुळं त्यांनी पेल्यांना हात लावला नाही.

गुरुजी पेल्यांकडं बघत राहिले. मामा पिशवीतून पत्रिका काढत होते. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला कळलं तर."

मामा पत्रिका हातात धरून बसले.  आणि गुरुजी सांगायला लागले. दुष्काळाच्या एका वर्षी, टँकर आठ दिवसांतून यायचा तेव्हा, भर दुपारी एका बाईनं दार वाजवलं होतं. कडेवर लेकरू. पाणी मागितलं. घरात दोन हंडे भरलेले होते. गुरुजींनी नाही म्हणून दार लावलं. संध्याकाळी कळलं की चौकात एक बाई ऊन लागून पडली. तीच की दुसरी, ते बघायला गुरुजी गेले नाहीत.

"तेव्हापासून दुपारी दार वाजतं," गुरुजी म्हणाले. "रोज नाही. पण वाजतं. मी उघडत नाही."

मामांचा मुलगा हे सांगताना इथं नेहमी थांबतो. कारण तेव्हाच दार वाजलं. मोठ्यानं नाही. बोटाच्या पेरानं वाजवावं तसं, तीनदा.

गुरुजी जागचे हलले नाहीत. मामा उठले. समोरचे दोन्ही पेले उचलले, दार पायानं ढकललं आणि बाहेर गेले. दार त्यांच्यामागं लोटलं गेलं. मुलगा म्हणतो, बोलण्याचा आवाज आला नाही. मामा आत आले तेव्हा दोन्ही पेले रिकामे होते.

त्यांनी ते गुरुजींपुढं ठेवले आणि म्हणाले, "नातीचं लग्न आहे. अवश्य यायचं."

बाहेर कोण होतं, हे मुलानं किती वेळा विचारलं. मामा एवढंच म्हणतात, "तहानलेलं माणूस होतं."

*

तारामावशी मी आले तेव्हापासून शेवटच्या बाकावर होत्या. मला वाटायचं, त्यांना गुडघ्याचा त्रास असेल, दाराजवळ बरं पडत असेल.

त्यांनी त्यांच्या जावेबद्दल, रेबेकाबाईंबद्दल, एक खोटी गोष्ट उठवली होती. काय ते मी सांगत नाही, कारण खोटी गोष्ट पुन्हा सांगितली तरी पसरते. रेबेकाबाई एकट्याच त्यांच्याकडं गेल्या आणि पाणी न पिता आल्या. तारामावशी तेव्हा तोऱ्यात होत्या. महिन्याभरात रेबेकाबाईंना कावीळ झाली आणि त्या गेल्या.

आता तक्रार नेणारं माणूसच नाही. पाणी कोण पिणार? त्या वेळच्या पंचांनी ठरवलं की पेला ओतून टाकावा, तारामावशींनी मंडळीपुढं माफी मागावी, झालं. त्यांनी माफी मागितली, तीही रडून. पण पेला ओतू दिला नाही. म्हणाल्या, "तिनं घेतलं नाही, तर मी तरी कसं घेऊ?" आणि प्रभुभोजनाचं ताट जवळ आलं की मान हलवून पुढं जाऊ द्यायच्या. अकरा वर्षं!

पेला त्यांच्या फडताळात असायचा, स्टीलचा, वर ताटली. मी स्वतः दोनदा पाहिला. काठोकाठ. आता सोलापूरचं पाणी जड असतं, ते आटत जातं तसतशा भांड्याला आतून पांढऱ्या रेघा पडतात, एकीखाली एक. झाकलेलं असलं तरी आटतंच. अकरा उन्हाळ्यांत पेला कोरडा ठणठणीत व्हायला हवा होता. मावशी वरून घालत नव्हत्या, शपथेवर सांगायच्या.

त्या गेल्या तेव्हा त्यांना आंघोळ घालायला आम्ही तिघी होतो. शेजारच्या गौरम्मा मदतीला आल्या, अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. त्या मला बाजूला घेऊन विचारायला लागल्या, "ताराबाईकडं पाहुणी कोण आली होती वो? आठ दिवस दुपारी दोघींचं बोलणं ऐकू यायचं. लई हसत होत्या."

पाहुणी कुणी आली नव्हती. मी फडताळ उघडलं. ताटली पेल्याच्या शेजारी ठेवलेली. पेला रिकामा. आत एकच पांढरी रेघ, अगदी वर, काठापाशी. तिच्याखाली भांडं नव्यासारखं स्वच्छ होतं.

*

आता एस्तेरमावशींचं. हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे, कारण त्या कोरड्या भेटीत मी होते.

एस्तेरमावशी म्हणजे आमच्या कांद्याच्या बैठकीतल्या सगळ्यात जुन्या. वय ऐंशीच्या घरात, बोलणं गावाकडचं, तोंड फटकळ. मुलगा आणि सून अनिता यांच्याजवळ राहतात. मुलगी शीला चाळिशीची, नवरा वारलेला, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला. तिथंच जवळ खोली घेऊन राहते. तिथल्या एका सुपरवायझरबरोबर तिचं जमलं. त्याला गावी बायको होती आणि दोन मुलं होती. एके दिवशी ती बायको मुलांना घेऊन एस्तेरमावशींच्या दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, म्हणे. नुसती उभी राहिली.

मावशी एकट्या जाऊन आल्या. शीलानं ऐकलं नाही. मग सप्टेंबरमध्ये मला आणि दानिएलमामांना घेऊन गेल्या. रिक्षातून उतरेपर्यंत त्या माझा हात घट्ट धरून होत्या.

शीलानं मावशींचा मागचा झाकलेला पेला काढला आणि आमचे दोन भरले. मावशी म्हणाल्या, त्याला सोड. शीला म्हणाली, नाही. पाच मिनिटांत संपलं. मावशी उठल्या तेव्हा शीलानं पेल्यांकडं बघितलं आणि म्हणाली, "पाणी नको होतं तर उन्हात कशाला आलीस, आई? पाप फोनवर पण सांगता आलं असतं."

मावशी म्हणाल्या, "फोनवर तुजं तोंड दिसलं नसतं."

रीतीप्रमाणं आमचे दोघांचे पेले ओतले गेले. मावशींचा तेवढा राहिला. शीलानं आमच्यासमोर त्यावर ताटली ठेवली, ठण्ण आवाज करून.

*

पुढचं दानिएलमामांना अजून बोचतं.

डिसेंबरात शीलानं त्या माणसाला सोडलं. खरंच सोडलं. तो बदली घेऊन निघून गेला. जानेवारीत ती मंडळीपुढं उभी राहिली. एवढंच म्हणाली, "मी एका बाईचं घर मोडायला निघाले होते. मला क्षमा करा." शेवटच्या बाकावरून पुढं आली ती एकेक बाक धरत. सगळ्यांनी माना हलवल्या. आता मावशींनी जाऊन पाणी प्यायचं एवढंच उरलं होतं.

आणि मावशी गेल्या नाहीत. माझ्याजवळ म्हणाल्या, "ती मंडळीपाशी आली. माज्यापाशी कुटं आली?" शीलाचं उलटं. ती मला म्हणाली, "सुमनताई, तिनं मला सगळ्यांसमोर उभं केलं. आता तिला एकटीनं माझ्या दारात येऊ दे. पाणी ठेवलंय की तिचं."

मी दोघींमध्ये निरोप नेऊन नेऊन दमले. एवढ्यात फेब्रुवारीत मावशी मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या काही उठल्या नाहीत. कूस बदलायची तरी अनिता आणि मुलगा दोघं लागायचे. डॉक्टर म्हणाले, या वयात आता असंच.

अंथरुणात मावशींचा राग गेला. तो गेला आणि भीती आली. आपण न जाता मेलो तर पोरगी तारामावशींसारखी जन्मभर शेवटच्या बाकावर बसेल, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात. मुलाला म्हणाल्या, मला उचलून ने. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. मी शीलाकडं गेले आणि पेलाच इकडं आण म्हटलं. ती दारातच उभी राहून म्हणाली की पेला घराबाहेर जायची रीत नाही. रीत तिनं आमच्याकडूनच शिकलेली. आई पडली आहे, हे तिला ठाऊक होतं. किती पडली आहे, ते मी सांगायला लागले तर म्हणाली, "नाटकं आहेत. मला माहीत आहे तिला."

पंचकमिटी बसली. भेटीत होते म्हणून मलाही बोलावलं. आताचे पाळकसाहेब म्हणाले, मुलगी वळली आहे, मंडळीनं क्षमा केली आहे, पेल्यासाठी कशाला अडायचं? हात वर करून मोकळं करू. मला ते पटत होतं. मी सांगितलंही. चुकलेल्याला परत आणायला ही रीत आहे, बाहेर ठेवायला नाही.

दानिएलमामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपण हात वर करू. शीला पुढं येऊन बसेल. पण तिच्या खोलीत तो पेला भरलेलाच राहील. घरी जाऊन ती बघणार आहे तो, आपण नाही."

कुणी हात वर केला नाही.

*

आणि हा शेवटचा.

मे महिन्यातला पहिला रविवार जवळ आला होता, प्रभुभोजनाचा. बुधवारी एस्तेरमावशींनी मला बोलावलं. आवाज अगदी खोल गेलेला. म्हणाल्या, "सुमन, तू व्हतीस माज्यासंगं. माज्या वतीनं तू जा. तू पी."

असं चालतं का, मला ठाऊक नव्हतं. मामांना विचारलं. त्यांनी चालतं म्हटलं नाही, चालत नाही असंही म्हटलं नाही. "जाऊ या," म्हणाले, "तिथं बघू."

शनिवारी शीलाला सुट्टी होती. आम्ही दुपारी दोनच्या सुमारास चिंचोळीला उतरलो. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. कारखान्यांचा आवाजसुद्धा त्या वेळी थांबल्यासारखा झाला होता. डांबर चपलेला चिकटत होतं. मामा मधे दोनदा थांबले आणि मागं वळून बघितलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही.

शीलाच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती तांदूळ निवडत बसली होती. चेहरा उतरलेला नव्हता. कित्येक महिन्यांत मी तिला तशी पाहिली नव्हती. आम्हाला बघून ती उठली, सलाम केला आणि म्हणाली, "आता काय राहिलं, मामा? परवा आई येऊन गेली की."

 मामांनी विचारलं, "कोण आलं?"

"आई. गुरुवारी. कारखान्यात अर्धीच पाळी होती, नुकतीच आले होते. याच वेळेला. एकटीच आली." शीला सांगत होती आणि हातानं जागा दाखवत होती. "इथं बसली. पदरानं कपाळ पुसलं. मी काही बोललेच नाही. बोलले तर उठून जाईल असं वाटलं. मग तिनं हात पुढं केला, मी पेला दिला. तिनं स्वतःच ताटली काढली. हळूहळू प्याली, सगळं."

"काही बोलली?"

"'लई ऊन हाय' म्हणाली. मी म्हटलं, थांब, दादाला फोन करते, तो न्यायला येईल. तर म्हणाली, नको, मी जाते. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला." शीलानं डोळे पुसले आणि ती हसली. "बरी झाली ना आता? चांगली चालत होती. तुम्ही उगाच मला घाबरवलं होतं, ताई."

फळीवर पेला पालथा घातलेला होता. मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात लावला नाही.  तांदळाच्या सुपावर माशी फिरत होती, तेवढंच हलत होतं. मग मामांनी डोक्यावरची टोपी काढली, खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "शीला, पाणी दे."

तिनं त्यांना पेला भरून दिला. त्यांनी पिऊन पुन्हा पुढं केला. मी पण प्याले. 

निघताना मामा तिला म्हणाले, "उद्या भोजनाला पुढं ये. शेवटी बसायचं नाही." तिनं मान हलवली. मावशींचं खरं काय आहे, ते आम्ही दोघांनीही तिला सांगितलं नाही. 

रिक्षात मामा टोपी मांडीवर ठेवून बसले. मला एस्तेरमावशींच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं तेव्हा फक्त म्हणाले, "तू मावशींना काही विचारू नको."

मी विचारणारच नव्हते. दार अनितानं उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तीच सुरू झाली.

"बरं झालं आलात, काकू. तुम्ही तरी सांगा त्यांना. गुरुवार दुपारपासून पाण्याला तोंड लावत नाहीत. चमच्यानं घातलं तरी तोंड मिटून घेतात. डॉक्टर मला बोलतात. आणि ह्या म्हणतात, शीलाकडं प्याले गं, अजून तहान नाही."